बडी सिस्टरची चुकांची वही

माणसावर विश्वास न ठेवण्याच्या बाबतीत आमच्या बडी सिस्टरची बरोबरी करणारं कोणी त्या काळी अख्ख्या मराठवाड्यात नव्हतं, आणि यात मी पोलीस खातं, जकात नाका आणि मुलगी बघायला आलेली मंडळी यांनाही धरतो आहे. शहागंजाच्या मागच्या अंगाला आमचा एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या पुरुषांच्या वॉर्डाच्या त्या मुख्य परिचारिका. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. अधीक्षकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना बडी सिस्टरच म्हणत. मूळच्या पैठणकडच्या, अंगानं किरकोळ, उंची बेताची. आवाज मात्र असा की वॉर्डाच्या या टोकाहून त्यांनी 'कोन खोकला?' म्हणून विचारलं की त्या टोकाचा खोकला आपोआप थांबायचा. मी तेव्हा नवाच डॉक्टर लागलो होतो. सकाळी त्यांचा वॉर्ड आणि दुपारी बायकांचा वॉर्ड बघायचो. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की या दवाखान्यात डॉक्टर कोणी का असेना, तपासणी बडी सिस्टर करतात, आणि ती पेशंटची नव्हे, डॉक्टरची.

औषधाची बाटली त्या तीनदा वाचत. कपाटातून काढताना एकदा, औषध भरताना दुसऱ्यांदा आणि रिकामी टाकताना तिसऱ्यांदा, तिन्ही वेळा मोठ्यानं. ही सवय त्यांनी वॉर्डापुरती ठेवली असती तर ठीक, पण त्या बाजारातही तशाच वागत. शहागंजातल्या वाण्यानं साखरेची पुडी बांधून दिली की तिथंच ती सोडून चार दाणे जिभेवर ठेवत. वाणी वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. एकदा तो बिचारा दुखावून म्हणाला, "आपा, मी कधी फसवलं का तुमाला?" "फसवत नाय तुम्ही, मालूम है," बडी सिस्टर म्हणाल्या, "पन चुकू तर शकता ना?" फसवणारा माणूस परवडला, असं त्यांचं मत होतं, कारण तो निदान लक्ष देऊन काम करतो. त्यांना भीती होती ती चांगल्या, कष्टाळू, भरवशाच्या माणसांची. त्यामुळं दवाखान्यात ज्याची जितकी ख्याती मोठी, तितका त्याच्यावर त्यांचा डोळा अधिक.

माझ्या अक्षराशी तर त्यांचं उभं वैर होतं. मी लिहिलेला केसपेपर घेऊन त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहत आणि बोट ठेवून विचारत, "डॉक्टरसाब, ये दवा का नाम है की मुंगी मरी है?" एकदा एकच नाव त्यांनी माझ्याकडून तीन वेळा लिहून घेतलं. चौथ्यांदा कागद परत आला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "सिस्टर, इतकी वर्षं काम करताय, एवढं तर कळायला हवं." त्या शांतपणे म्हणाल्या, "कळतं ना. पन मला जे कळलं तेच तुमच्या मनात होतं, हे मला कोन सांगनार?" मी छापल्यासारखं अक्षर काढून दिलं, आणि आजही औषधाचं नाव लिहिताना माझा हात पहिलीतल्या मुलासारखा चालतो. माझ्या लग्नाला आल्या तेव्हा आहेराचं पाकीट हातात धरून त्या आधी नवऱ्या मुलीला म्हणाल्या, "नाव सांगा बेटी. पूर्ण." माझी बायको घाबरून नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि गावसुद्धा सांगून मोकळी झाली. बडी सिस्टरांनी मान हलवली, "हौ, बराबर है," आणि मग पाकीट दिलं. सासूबाई पुढं कित्येक वर्षं त्यांना विवाहनोंदणी कचेरीतल्या बाई समजत होत्या.

पण हे नाव विचारण्याचं वेड उपजत नव्हतं. माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी बाहेरच्या काही डॉक्टरांनी एक पाहणी हाती घेतली होती. रुग्णांच्या उपचारात काय काय चुकतं आणि ते कमी कसं करता येईल, हे त्यांना शोधायचं होतं. निवडक दवाखान्यांत आमचाही नंबर लागला. प्रत्येक वॉर्डाला एकेक जाड वही मिळाली. वर्षभर जे चुकेल, किंवा चुकता चुकता राहील, ते तारीख घालून त्यात लिहायचं. शेवटी वह्या गोळा करून अहवाल लिहिण्याचं काम मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, माझ्या गळ्यात घातलं. आणि पहिल्याच महिन्यात जी चूक झाली ती खुद्द बडी सिस्टरच्या हातून.

त्या वॉर्डात धड चालणारे पंखे दोनच. त्यातल्या एकाखालच्या चार नंबरच्या खाटेवर कचरूमामा नावाचे, आदल्या रात्रीच दाखल झालेले मधुमेहाचे पेशंट होते. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर फुलंब्रीकडचे एक म्हातारबा दाखल झाले. वय जास्त, वर उन्हातून आलेले. कचरूमामा उठले, "तुमी थोरले, तुमी वाऱ्याला पडा," म्हणाले आणि आपली खाट त्यांना देऊन स्वतः बाजूला जाऊन झोपले. आमच्याकडं याला माणुसकी म्हणतात, आणि ती माणुसकीच होती. जेवणाच्या आधी बडी सिस्टर इन्सुलिन घेऊन चार नंबरवर आल्या आणि घाईत विचारलं, "कचरूमामा ना?" म्हातारबा अर्धवट उठून म्हणाले, "व्हय." सुई टोचली गेली. थोड्याच वेळात म्हातारबा ऐन पंख्याखाली घामानं निथळायला लागले, हात थरथरायला लागले. बडी सिस्टरांना क्षणात उलगडा झाला. त्यांनी साखरेचं पाणी पाजलं, ओरडून मला बोलावलं, मी सलाइन लावलं, आणि म्हातारबा सावरले. दुसऱ्या कोणी 'उन्हानं अशक्तपणा' असं लिहून हात झटकले असते, आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

बडी सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या म्हातारबांच्या उशाशी बसल्या. "बाबा, माझ्या हातून चुकलं. ते इंजेक्शन तुमचं नव्हतं. तुमचा जीव गेला असता." म्हातारबा कसनुसे झाले. "नाय बाई, तुमच्या हातून कसं चुकंल?" "चुकलं." "मंग माझंच चुकलं आसंल. मीच व्हय म्हनलो ना." "पन तुमचं नाव कचरू नाय, तर व्हय कायकू म्हनले?" म्हातारबा म्हणाले, "आता तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमी म्हनताय तर आसंल, म्हनलं." बडी सिस्टरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या म्हणाल्या, "रागवा माझ्यावर." "कसं रागवू? तवाधरनं तुमीच पानी पाजताय." संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या माणसाला राग यावा म्हणून जंगजंग पछाडलं, पण म्हातारबा काही बधले नाहीत. घरी जाताना वर आशीर्वाद देऊन गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचीच एक पाहणी सुरू केली. मला हाताशी धरून प्रत्येक खाटेपाशी न्यायचं आणि पेशंटला मुद्दाम भलतंच नाव घेऊन विचारायला लावायचं. मी शेख चाँद नावाच्या माणसाला विचारलं, "तुम्ही गंगापूरचे एकनाथ ना?" "व्हय साहेब," तो अदबीनं म्हणाला. नंतर ओळीनं असेच व्हय मिळत गेले. सिस्टरांपेक्षा मला लवकर मिळायचे, कारण माझ्या अंगात पांढरा कोट होता. मोठ्या साहेबांनी विचारलं असतं तर प्रश्न संपायच्या आत मिळाले असते. त्या दिवसापासून वॉर्डाचा कायदा झाला. पेशंटला त्याचं नाव कोणी सांगायचं नाही, ते त्यानंच सांगायचं, आणि सांगितल्याशिवाय सुई उचलायची नाही. वॉर्डात शाळेसारखी हजेरी सुरू झाली. पेशंट बेशुद्ध असला तर सोबतच्या माणसानं नाव सांगायचं. एकदा सोबतीला फक्त बायको होती आणि ती काही केल्या नवऱ्याचं नाव घेईना. बडी सिस्टर सुई धरून उभ्या. "लाज नंतर करा, आधी नाव." शेवटी त्या माउलीनं पदर तोंडाशी नेऊन चक्क उखाण्यात नाव घेतलं. सगळ्या वॉर्डानं ऐकून घेतलं, आणि मग इंजेक्शन झालं.

वर्ष संपलं आणि वह्या माझ्या टेबलावर आल्या. बडी सिस्टरची वही भरून मागच्या पुठ्ठ्यावर गेली होती. बाकीच्या सगळ्या कोऱ्या करकरीत. त्या कोऱ्या वह्यांत एक बायकांच्या वॉर्डाची होती आणि तिच्यावर सही माझी होती. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्याच वर्षी मेट्रनबाई निवृत्त होणार होत्या. ज्येष्ठतेनं ती जागा बडी सिस्टरची होती, आणि त्यांना ती हवी होती, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. मेट्रन झाल्या की आपला नाव विचारायचा कायदा साऱ्या दवाखान्याला लावता येईल, एवढा एकच हिशोब त्यामागं होता. साहेब म्हणाले, "सिस्टर, सगळीकडे व्यवस्थित चाललंय. तुमच्याच वॉर्डात एवढं कसं चुकतं?"

"चुकतं सगळीकडं साहब. माझ्याकडं लिहितात."

साहेब माणूस वाईट नव्हते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करा, वही बदलून द्या. ते जमत नसेल तर निदान तुमच्या हातून झालेल्या चुकीची ती एक नोंद तेवढी काढा. विश्वस्तांपुढे मी मेट्रनसाठी तुमचं नाव कसं ठेवू?" बडी सिस्टर उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "वोच नोंद तर पहिली आहे साहब. ती काढली तर बाकीची वही नुसती चुगली होते." "मग मेट्रनची जागा?" "नक्को. कोऱ्या वहीची मेट्रन मैं नक्को." मग त्या माझ्याकडं वळल्या. "डॉक्टरसाब, तुम्ही काय लिहिनार?" मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलो. पुढं मी त्यांची वही जशीच्या तशी अहवालाला जोडली. माझी कोरी वहीही तशीच जोडली.

मेट्रनची जागा शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या बाईंना मिळाली. भल्या बाई होत्या. त्यांची वही सगळ्यात स्वच्छ होती, तिला त्यांनी फुलाफुलांचं कव्हरही घातलं होतं. बडी सिस्टरांनी त्यांना स्वतः जाऊन पेढे दिले आणि दुसऱ्या दिवशी नवी वही उघडली. पाहणी संपलेली, बाहेरचे डॉक्टर निघून गेलेले, कोणी मागितली नव्हती, तरी दर वर्षी नवी वही. साहेबांनी एकदा लेखी कळवलं की असली नोंद ठेवण्याचं आता कारण नाही. ते पत्र त्यांनी त्याच वहीत तारीख घालून चिकटवलं. नव्या पोरी त्यांच्या नावानं बोटं मोडत आणि दुसऱ्या दवाखान्यात गेल्या की त्यांच्यासारख्याच वागत. निवृत्त होईपर्यंत त्या त्याच वॉर्डात, त्याच पदावर राहिल्या.

नंतर त्या चितेगावला भाच्याकडं राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचो. एकदा चहा घेता घेता, का कोणास ठाऊक, मी त्यांना ते सांगून टाकलं. त्या पाहणीच्या वर्षी बायकांच्या वॉर्डात एका आजीला मी हृदयाच्या गोळ्या दुप्पट लिहून बसलो होतो. आजीला उलट्या लागल्या, नाडी मंदावली. चूक ध्यानात आल्यावर मी गोळ्या गुपचूप बंद केल्या आणि त्यांच्या मुलाला सांगितलं, उन्हाचा त्रास आहे, आठ दिवस आणखी ठेवू. आजी बऱ्या झाल्या. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. हे सांगून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. मला वाटलं बडी सिस्टर आता काहीतरी मायेचं बोलतील.

त्यांनी विचारलं, "म्हातारीला सांगितलं?"

"नाही."

"पोराला?"

"नाही."

"मग मला कायकू सांगताय?"

मी जुने कागद धुंडाळून त्या मुलाचा पत्ता काढला. बजाजनगरात घर होतं. त्याचेही केस आता पिकलेले. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला बघून त्यानं खुर्ची पुढं केली, "आई तुमचं लई नाव काढायची साहेब." मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "मी तवा कारखान्यात नवा लागलो व्हतो. त्या आठ दिवसांच्या खाड्यात काम गेलं माझं. दुसरं मिळायला दीड वरीस गेलं. तुज्यामुळं गेलं, असं मी आईलाच म्हनायचो. ती मरंस्तवर म्हनत राह्यलो." तो उठला आणि त्यानं दार उघडून धरलं. मी बाहेर पडलो.

तिथून मी थेट चितेगावला गेलो. बडी सिस्टर अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "रागावला?"

"रागावला. घराबाहेर काढलं."

"अच्छा हुआ," त्या म्हणाल्या आणि बाजेवर सरकून त्यांनी मला शेजारी जागा दिली. त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काही विचारलं नाही.

आता बडी सिस्टर नाहीत, आणि त्या दवाखान्याचा मोठा साहेब मी आहे. मी वॉर्डात शिरलो की सगळे उठून उभे राहतात, माझं अक्षर किती सुंदर म्हणून नव्या डॉक्टरांना दाखवतात. माझं काही चुकलं तर मला तोंडावर सांगेल असं माणूस मी त्यांच्यात रोज शोधतो. अजून कोणी सापडलेलं नाही, आणि घरी जाताना मला बडी सिस्टरांची फार आठवण येते.