गरम चाकावरचा तांब्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवालाही नाही — त्यानं बघितलंच असणार, त्याला पुन्हा काय सांगायचं? एक मोटार मी बिघडवली होती. तांब्याभर पाण्यानं.

हसा तुम्ही. मीही हसते त्या बावीस वर्षांच्या शहाणीला. विष्णुपुरीची, गोदावरीकाठची पोर. लातूरला सून म्हणून आली, तेव्हा सगळे दागिने मोजून आणले आणि अक्कल तेवढी माहेरच्या खुंटीवर विसरली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आमचे हे वकील. कामं वाढली, नांदेडच्या फेऱ्या वाढल्या, म्हणून एक जुनी काळी मोटार घेतली. चालवायला दादाराव — औशाचे, चाळिशीचे, कमी बोलणारे. आणि दुष्काळ. टँकर तीन दिवसांनी यायचा. सासूबाई रांजणाला आतून कोळशाची रेघ मारून ठेवायच्या. रेघ उघडी पडली की घरभर चौकशी.

माझी आई सांगायची, दुरून आलेल्याच्या पायावर पाणी घालावं. बैलगाडी आली तरी ती चाकांवर पाणी शिंपडायची. मग मोटारीचं काय वेगळं? नांदेडहून गाडी आली, माणसं आत गेली, की मी पदराआड तांब्या घेऊन बाहेर. अर्धा या पुढच्या चाकावर, अर्धा त्या. चर्र वाजायचं, वाफ यायची — तापल्या तव्यावर हबका मारल्यासारखं. खरं सांगू? मला तो आवाज आवडायचा. आईचा नियम निम्माच होता त्यात.

आणि बघा — दुरून आलेले दादाराव तिथंच ओट्यापाशी उभे असायचे, धुळीच्या पायांनी. त्यांच्या पायावर पाणी घालावं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. चाकांवर घातलं.

दोनेक महिन्यांनी गाडी थरथरायला लागली. हळू चालवताना काही नाही. वेगात असताना जोरात ब्रेक दाबला, की स्टेअरिंग हातात नाचायचं आणि पायाखालचं पेडल धक्के द्यायचं. दादारावांनी पुढची चाकं मागं टाकून बघितली, नट आवळले, टायरच्या पोटावरून हात फिरवून बघितला. तेच. ते यांना दोनदा म्हणाले, मिस्त्रीला दाखवू. हे म्हणाले, पुढच्या आठवड्यात.

त्याआधीच चाकूरजवळ म्हैस आडवी आली. म्हैस वाचली, गाडी रस्त्याखाली उतरली. यांच्या कपाळाला चार टाके पडले.

मिस्त्री दारातच आला. चाक खोललं, आतलं ब्रेकचं लोखंडी ड्रम हातात फिरवून बघितलं. "गोल न्हाई राह्यलं हे. तापल्यावर गार पाणी पडलं की असं होतंय. पाण्यात घातली व्हती का गाडी?"

"पाण्यात?" दादाराव म्हणाले. "मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायलेत, भाऊ."

मिस्त्री हसला. हे हसले नाहीत. वकिलाला आरोपी लागतो. "मग ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत असशील तू," हे म्हणाले. "जाळलंस ते."

मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होते. सासूबाई रांजणाशेजारी. एक वाक्य होतं — पाणी मी घातलं. एवढंच. मी कप मोजून ठेवले.

सासूबाईंची भीती होती म्हणू? होती. पण आठवड्यानं त्या किल्लारीला लेकीकडं गेल्या, महिनाभर राहिल्या. तेव्हा कुणाची होती? यांनी तर कधी आवाजही चढवला नाही माझ्यावर. नाही सांगितलं. सोपं होतं, म्हणून नाही सांगितलं.

दादारावांना पुन्हा कुणी गाडी दिली नाही. ब्रेक जाळणारा डायव्हर — एवढंच नाव झालं त्यांचं. पुढच्या वर्षी औशाच्या आडतीत पोती उचलताना दिसले, असं हेच जेवताना म्हणाले. मी यांना भाकरी वाढली. दादाराव गेल्याचंही असंच उडत उडत कळलं.

परवा नात म्हणाली, "आज्जी, शंभरच्या वर ब्रेक दाबला की गाडी थरथरते गं." मी विचारलं, "लांबून आल्या आल्या धुतेस का?" ती म्हणाली, "तुला काय कळतंय गाडीतलं." मी म्हटलं, काही नाही.

यांनी कामावरून काढलं, त्या दिवशी दादाराव किल्ली द्यायला आले होते. हे आत होते. मी एकटीच दारात. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. गाडीच्या पुढच्या चाकांखाली पाण्यानं धूळ बसून दोन पोपडे धरले होते. भोवती सगळा मोकळा फुफाटा. त्यांनी तिकडं बघितलं. मग मान खाली घालून, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले:

"वैनी, पाणी घालायचं तर घालत जा. पर गाडी आल्याबरोबर नका घालू. अर्धा घंटा निवू द्या."