खोक्यातली झरझर

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्याच घरी राहतात. रेडिओदुरुस्तीच्या दुकानात त्यांची चौतीस वर्षे गेली. लग्न केले नाही. का, असे विचारले की म्हणतात, दिवसभर खरखर ऐकल्यावर घरी तरी शांतता हवी. आणि राहायचे कुठे, तर माझ्या शेजारच्या खोलीत, जिथे उजाडायच्या आत माझे नामस्मरण मोठ्याने सुरू होते.

गेल्या महिन्यात त्यांनी दुरुस्त करून दिलेले दोन रेडिओ परत आले. आवाजात झरझर आहे, अशी तक्रार. मालक काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक रेडिओ स्वतः लावून बघू लागले. भाऊजींच्या ते जिव्हारी लागले. मला सांगितले नाही, ह्यांच्याकडून कळले.

त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडून त्यांनी एक युकुलेले आणले. गिटारचे धाकटे भावंड म्हणावे असे, कुशीत मावणारे, चार नायलॉनच्या तारांचे. तारा लोंबत होत्या, एक खुंटी तुटलेली. मला वाटले, मन रमवायला आणले असेल. पण भाऊजी त्यावर परीक्षा घेत होते, आणि ती स्वतःच्या कानाची.

मी भाजी निवडायला मुद्दाम त्यांच्या खोलीत बसू लागले. पहिल्या दिवशी नव्या तारा. दुसऱ्या दिवशी खुंट्या. मग तारा टेकतात ती हाडाची पट्टी. मग दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या, ज्यांच्या मधल्या जागेला ते घर म्हणतात, कानशीने घासून सारख्या केल्या. सगळे एकदम का नाही उरकत, असे मी विचारले, तर म्हणाले, दोन गोष्टी एकदम बदलल्या की चोर कोण ते कळत नाही. मला ते फार आवडले. वहीत लिहून ठेवले.

सूर जुळले, पण वाजवताना मध्येच झर्र होते, असे ते म्हणत. मी समोर बसून कान देऊन ऐकले. मला तर सगळे गोड वाटले.

"मग संपलं," त्यांनी वाद्य खाली ठेवले. "सगळे भाग बदलले. तरी आवाज येतो, आणि तोही फक्त मला. म्हणजे तो माझ्या कानात आहे. सोमवारी मालकांना सांगून टाकतो, काम सोडतो म्हणून. त्यांनी सांगायच्या आत."

चौतीस वर्षे हेच काम केलेल्या माणसाला मी काय शिकवणार? प्रार्थनेला बसले तेव्हा त्यांचे कान बरे कर, असे मागवेना. एवढेच म्हटले, देवा, खरे काय ते कळू दे.

रविवारी भाऊजी अंघोळीला गेले होते. मी खोली झाडायला गेले आणि राहवले नाही. वाद्य मांडीवर घेऊन छातीशी धरले आणि एकेक तार छेडत, दांडीवर बोट सरकवत गेले. एका जागी हनुवटीखाली झर्र झाले. पुन्हा छेडले. पुन्हा झर्र.

भाऊजी बाहेर आल्यावर सांगितले, तर त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, माझी समजूत काढू नका."

"समजूत कसली? दुसरी तार, पाचवं घर. दुसरीकडे कुठेच नाही. बघा."

कुठली तार, कुठले घर, हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून ते खुर्चीत बसले.

मी विचारले, वाद्याचे लाकडी खोके पाहिले का? तर हसले. खोक्याला कधी दोष नसतो, म्हणाले. दोष आतल्या भागांत. मी म्हटले, माठ घेताना आम्ही तर बाहेरचे अंगच ठोकून बघतो. आणि बोटाच्या पेराने वाद्याचे अंग ठोकत गेले. टक टक, टक टक, आणि मधल्या गोल भोकाच्या डावीकडे एकदम भद्द. भाऊजींनी माझ्या हातातून ते ओढूनच घेतले. आरसा आणि बॅटरी घेऊन भोकातून बघितले. आत लाकडाला आधार द्यायला चिकटवलेली एक बारीक कांब टोकाशी सुटली होती. तो एक सूर लागला की ती थरथरायची. आवाज आतल्या आत, धरणाऱ्याच्या छातीला. समोरच्याला काय ऐकू येणार!

कागदाच्या पट्टीवर गोंद घेऊन त्यांनी तो फटीत सरकवला, खाली टेकू दिला. पण लक्ष तिथे नव्हते.

"रेडिओ मी नेहमी खोक्याबाहेर काढून तपासतो," ते हळूच म्हणाले. "नीट वाजला की खोक्यात घालतो आणि देऊन टाकतो. खोक्यात घातल्यावर परत कधी ऐकतच नाही."

सोमवारी ते दुकानात गेले ते नोकरी सोडायला नव्हे. परत आलेले दोन्ही रेडिओ मालकांसमोर आधी खोक्यात आणि मग बाहेर वाजवले. एकाच्या खोक्याची पुढची जाळी सैल निघाली. बाहेर काढताच तो स्वच्छ बोलला. दुसरा मात्र बाहेरही झरझरला. तिथे मी चुकलो, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

मालक अजूनही प्रत्येक रेडिओ लावून बघतात. आता भाऊजीच त्यांना हाक मारतात, आणि खोक्याचे झाकण लावून झाल्यावर.