भोवरेकाकांचा तळहात

कोळसा धुण्याच्या कारखान्यात सगळे त्यांना भोवरेकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकाच यंत्राशी संसार केला: सायक्लोन. म्हणजे माणसाहून उंच लोखंडी नरसाळं. कोळसा आणि गढूळ पाणी आत गरगर फिरतं, हलका कोळसा वरून निघतो, जड दगड खालच्या तोंडातून. “हलका असेल तो वर जातो. ऑफिसातही हेच चालतं,” काका म्हणत.

पण दोन वर्षांपासून काकांच्या कानांनी संप पुकारला होता. हे फक्त घरी काकूंना ठाऊक. यंदा कारखान्याच्या कानतपासणीत नापास झाले, तर निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष स्टोअरच्या खिडकीत पाने-पकडी मोजत काढायचं!

“अहो, आवाज आला की बटण दाबायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली की दाबा,” काकूंनी शिकवून पाठवलं. या गडबडीत डबा ओट्यावरच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाईंची मान दिसेना. काकांनी सवयीनं तपासणीच्या मशीनवर तळहात ठेवला. आतली थरथर लागली, तसं त्यांनी बटण धडाधड दाबलं.

“काका, मी अजून आवाज सुरूच केला नाहीये.”

निकाल बघून फोरमनचा चेहरा पडला. “काका, उद्यापासून स्टोअर.”

काका निरोप घ्यायला सायक्लोनपाशी गेले. त्याच्या लोखंडी पोटावर तळहात टेकवला आणि तिथेच थबकले. “खालचं तोंड झिजलंय. दगडाबरोबर चांगला कोळसा चाललाय.”

“आवाज तर ठीक येतोय,” फोरमन म्हणाला.

“आवाजाचं मला काय विचारता?”

यंत्र बंद करून उघडलं. आतलं अस्तर बोटभर खाल्लेलं होतं. फोरमननं त्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं. मग त्यानं काकांच्या डोळ्यांसमोर येऊन, तोंड नीट हलवत सांगितलं, “धोक्याच्या भोंग्याशेजारी लाल दिवा लावून घेतो, म्हणजे तुम्हाला दिसेल. तुम्ही इथेच.”

घरी काकू भांडी घासत पाठमोऱ्याच पुटपुटत होत्या. काकांनी त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला.

काकू वळून मोठ्यानं म्हणाल्या, “सांगा बघू, मी काय म्हणत होते?”

“डबा विसरलो म्हणून चिडलीस. आणि दिवसभर घाबरली होतीस.” काका थांबले. “नको घाबरूस. ठेवलंय मला तिथेच.”

काकू पुन्हा भांड्यांकडे वळल्या. पाठ जराशी हलली. हसतायत की रडतायत, हे काही काकांच्या तळहाताला कळेना. म्हणून त्यांनी तो तिथेच राहू दिला.