अकराव्या कलमातला खिळा

कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून भाडेकरार टाइप करणाऱ्या माणसाला सगळे टायपिस्टकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचे कागद केले. स्वतः मात्र दोन खोल्यांत भाड्यानेच राहिले.

त्या खोल्यांच्या भिंती अगदी कोऱ्या होत्या. बायकोने लग्नाआधी रंगीत दोऱ्यांनी भरलेलं एक चित्र होतं. तळं, दोन बदकं, वर काच, भोवती चौकट. ते पेटीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं असे आणि केर काढताना पेटी हलली की हमखास घसरे.

"अहो, एक खिळा मारा ना. एकच."

"करारात बसत नाही. कलम अकरा, भिंतीस खिळा मारणार नाही. मीच टाइप केलंय, मीच मोडू?"

"माझ्या बदकांच्या माना अवघडल्या हो!" असं म्हणून ती हसायची आणि चित्र पुन्हा टेकवून ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून पेटी कोणी हलवली नाही, चित्र घसरलं नाही. ते तसं शहाण्यासारखं उभं राहिलेलं चित्र काकांना बघवत नसे.

एके दिवशी खोली भाड्याने घेणारी एक नर्स सही करता करता थांबली.

"काका, ही अकरा नंबरची काय भानगड? आईचा फोटो मी जमिनीवर ठेवू?"

"कायदाच आहे तसा, पोरी."

"कुठं आहे? दाखवा की."

काकांच्या खणात भाडेकायद्याचं पुस्तक होतं. त्यावर चहाच्या कपाचे गोल डाग होते. ते उघडायची वेळ कधी आलीच नव्हती. जुन्या करारावरून नवा, त्यावरून पुढचा, असंच चालत आलेलं. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करू नये, जागा सोडताना होती तशी परत द्यावी. बस्स. खिळ्याचं नावही नव्हतं. मागची पुढची पानं चाळली. नव्हतंच.

मग हळूहळू आठवलं. त्यांचा अगदी पहिला करार ज्याने करून घेतला, तो मालक नव्या गिलाव्याला जिवापाड जपणारा होता. ते कलम त्याने हट्टाने घालायला लावलं होतं. काकांनी तोच नमुना पुढे शेकडो घरांना लावला, आणि आपल्या घरालाही.

नर्सच्या कागदावरचं कलम त्यांनी खोडलं. "लाव आईचा फोटो," म्हणाले.

पण स्वतःच्या करारावर त्यांची सही होती. संध्याकाळी ते खाली मालकीणबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"एक खिळा मारायचा होता. लेखी परवानगी लागेल."

"आत्ता?" मालकीणबाई बघतच राहिल्या. "अहो, तुमच्या बायकोने मला दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, माझं काय जातंय? पण हे कलम कायद्याचं, असं तुम्हीच सांगितलेलं ना मला!"

"मला बोलली नाही कधी."

"म्हणाली, राहू दे. त्यांचा कायदा मोडला तर त्यांना घास गोड लागायचा नाही. जागासुद्धा ठरवली होती हो तिने."

बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं, 'खिळा मारावा. हवे तर दोन मारावेत.'

काकांनी वर येऊन पेटी पुढे ओढली आणि भिंतीवरून बोट फिरवत गेले. तिच्या डोक्याच्या उंचीला पेन्सिलची एक पुसट फुली होती. शोधल्याशिवाय दिसली नसती.

दोन ठोक्यांत खिळा बसला. चित्र टांगलं, ते जरासं डावीकडे कललं.

"सरळ आहे का गं?" मागे न बघताच त्यांनी विचारलं, आणि हातोडी हातात धरून तसेच उभे राहिले.