सुरसुंदरीचा डावा हात

मी आज चार लोकांत उभा आहे तो गावच्या शाळेतल्या डोंगरे गुरुजींमुळे. उमरेडकडच्या आमच्या खेड्यातून त्यांनीच मला नागपूरच्या कॉलेजात नेऊन बसवलं. घरातला पहिला पदवीधर मी. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... पण हे माझ्याच हातून घडलंय.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. नागपूरपासून दोन तासांवर एक हेमाडपंती देऊळ — चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून रचलेलं. एम.ए.चे आम्ही दोघे, मी आणि वामन, तिथल्या शिल्पांची ड्रॉइंग्ज करत होतो. कॉलेजातल्या आमच्या सरांचा नियम एकच: दिसतं तेवढंच काढायचं. काम चोख झालं तर ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी ते माझी शिफारस करणार होते, आणि ती नोकरी मला हवीच होती.

दक्षिणेच्या भिंतीवरची सुरसुंदरी, म्हणजे कोरलेली अप्सरा, माझ्या वाट्याला आली. गावासाठी ती देवीच, कमरेपर्यंत शेंदूर. सकाळच्या उन्हात, दगडाकडे बघत बघत मी तिचा डावा हात काढला. मनगटावर पोपट.

सर मागे येऊन थांबले. "हा हात कुठून आणलास?"

मी वर पाहिलं. कोपराखाली काहीच नव्हतं. तुटलेली कडासुद्धा झिजून गुळगुळीत झालेली!

"अन् बोटं सहा!" वामन ओरडला. "काय बे, एक फुकट देल्लं का?"

सर हसले नाहीत. "खोड. नाहीतर शिफारस विसर."

मी खोडलं.

उन्हाळ्यात नोकरीची ऑर्डर आली. देवळात पूजा करणाऱ्या पार्बतीमावशींना पेढे द्यायला गेलो, तर आवारातल्या विहिरीचा गाळ काढणं चाललेलं. काठावर दगडाचा हात पडला होता. मनगटावर पोपट. बोटं सहा.

"मावशी, हा विहिरीत कधी टाकला?"

"मले का माहीत गा? माह्या सासूनंबी पायला नवता. खंडित झालं का पाण्यात सोडतेत. हाबी सोमवारी सोडू परत."

सर नंतर म्हणाले, योगायोग. असेलही... पण सहावं बोट? गावात त्या शिल्पाचा जुना फोटो नव्हता, चित्र नव्हतं. मला आजवर उलगडा झालेला नाही. हात सापडला त्याच संध्याकाळी डोंगरे गुरुजींना पाठवलेलं पत्र असं होतं —

"गुरुवर्य, साष्टांग नमस्कार. देवळातल्या शिल्पाचा एक हात मी काढला आणि नोकरीसाठी खोडला, हे तुमच्यापासून लपवलं. आज तो हात विहिरीत सापडला. सोमवारी लोक तो परत पाण्यात सोडतील. त्याआधी या आणि बोटं तुम्ही मोजा. मी तीनदा मोजली, पण माझ्या डोळ्यांवर मलाच भरवसा राहिला नाही.
तुमचा, नारायण"