भुऱ्याच्या जागी शिवलेली उशी

गाव सोडलं त्या दिवशी टेंपोत भांडी, पत्र्याची पेटी, शिलाई मशीन आणि आमचा कुत्रा भुऱ्या होता. तुमच्या आजोबांना सुरतेत कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात काम मिळालं होतं. कुत्रा न्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण सासऱ्यांनीच त्याला उचलून तुमच्या बाबांशेजारी बसवलं. "लई जा याले," ते अहिराणीत म्हणाले, "तठे पोरले एकलं करमाव नही." तुमचे बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते. अमळनेर मागे पडेपर्यंत त्यांचा हात भुऱ्याच्या मानेवर होता.

सई, नील, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला पूडलचे फोटो दाखवलेत. "आजी, याचे केस गळतच नाहीत. ॲलर्जीवाल्यांना चालतो!" मागून बाबा म्हणाले, "कुत्रा कसला, मेंढी आहे ती. आई, तूच सांग यांना, लहानपणी कुत्र्यामुळे माझं काय झालं होतं ते." मी "बघू" म्हटलं आणि नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सुरतेत कतारगामला आमची एकच खोली होती. भुऱ्याचे केस आखूड, गव्हाळ. उन्हाळा लागला की ते चटईवर, डब्यांवर, सगळीकडे दिसायचे. दुसऱ्या वर्षी बाबांना धाप लागू लागली, छातीत शिट्टी वाजायची. शेजारच्या कांताबेन म्हणाल्या, "बेन, कूतरानी रुवांटी छोकराने नडे छे." कुत्र्याची लव मुलाला बाधते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तरी एकही प्रश्न न विचारता मला ते पटलं. आजोबांच्या एका ओळखीच्या माणसाचं शहराबाहेर कामरेजला शेत होतं. तिथे आम्ही भुऱ्याला सोडून आलो.

बाबांना भुऱ्याला टेकून झोपायची सवय. ते रडत राहायचे, झोपायचे नाहीत. म्हणून मी त्यांना एक लांब उशी शिवून दिली, भुऱ्याएवढी. आत भरलं ते आमच्या अंथरुणातही होतं, वस्तीतल्या सगळ्याच जणी भरायच्या तेच: कारखान्यातलं वाया गेलेलं सूत, धूळ आणि तुसांसकट. बाबा तिला मिठी मारून झोपायचे. धाप वाढत गेली.

चार महिन्यांनी एका डॉक्टरांनी विचारलं, "पोरगा झोपतो कशावर?" बाधत होती ती त्या सुताची धूळ. उशी टाकली, अंथरूण बदललं, महिन्याभरात शिट्टी थांबली. मी आणि आजोबा धावत कामरेजला गेलो. शेताचा मालक म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात दोरी तोडून गेला. कडोदऱ्याच्या बाजूला." तोच रस्ता पुढे धुळ्याकडे, आमच्या अमळनेरकडे जातो. बाबांना आम्ही सांगितलं, भुऱ्या शेतात मजेत आहे. उशीचं मी आजवर सांगितलेलं नाही.

तुमच्यासाठी मी वाचून काढलं. कुरळ्या केसांचे पूडल केस कमी गाळतात, हे खरं. पण त्रास मुख्यतः कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडा यांचा असतो, त्यामुळे कोणतीच जात पूर्ण निर्धोक नाही. बाबांची तपासणी कधी झालीच नाही. आधी ती करा. मग ज्याच्याकडे असा कुत्रा असेल त्याच्याकडे दोन-चार दुपारी बाबांना घेऊन बसा. खरंच ॲलर्जी निघाली तर हट्ट करू नका. पण लहानपणच्या त्या गोष्टीवरून कुत्र्याला नाही म्हणू नका. ती गोष्ट माझी चूक होती.

हे पत्र आधी बाबांना वाचायला द्या. रागावले तर रागावू द्या.

इतकी वर्षं सुरतेत राहूनही कोणी विचारलं, "तमारुं गाम कयुं?" तर मी अमळनेर सांगते. घर तिथेच राहिलं, असं मला फार दिवस वाटायचं. आता वाटतं, ते त्या टेंपोत बसून आमच्याबरोबर आलं होतं. त्याला कामरेजला मी सोडून आले.