ब्लाउजपिसाखालचं पुस्तक

माझं पुस्तक बंगलोरमधल्या बहुतेक मराठी घरांत जाऊन आलेलं आहे. हे मी अभिमानाने नाही, वैतागून सांगतोय.

नव्वदच्या दशकात माझा विनोदी कथासंग्रह निघाला. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, "बंगलोरची प्रसिद्धी तुम्हीच बघा," आणि गठ्ठे के. आर. पुरमला आमच्या घरी पाठवून मोकळे झाले. मला फार काही नको होतं. एकाने तरी वाचून "हसलो हो" म्हणावं, बस. (बायको सुनंदा यात धरलेली नाही. तिने मुद्रितं तपासली तेव्हा चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती.)

पण युक्ती तिचीच. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुस्तकच लुटू. प्लॅस्टिकच्या डब्या सगळ्याच देतात."

मी हरखलो. एकेका प्रतीवर नाव घालून सही केली, कागदात बांधली. तर ही म्हणते, "नुसतं पुस्तक बरं दिसत नाही." आणि प्रत्येक पुडक्यावर ब्लाउजपीस ठेवून वरून दोरा बांधला. तिथेच घात झाला. आलेलं ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, ते आहे तसं पुढच्या ओटीत जातं, हे मला मेल्याला कुठे ठाऊक!

आठवड्याने मी देशपांडे वहिनींना गाठलं.

"कसं वाटलं?"

"छान. रंग फार आवडला."

"मुखपृष्ठाचा?"

"इश्श, पिसाचा हो."

शेजारच्या बेळगावच्या अक्का म्हणाल्या, "स्वल्प वेळ द्या की. वाचतो म्हणे आमचे हे." पुढे अक्का मला जिन्यात बघितलं की दार लोटून घ्यायच्या. कुलकर्णी काकूंनी तर "शेवट काय सुंदर केलाय," म्हणून डोळे पुसले. विनोदी पुस्तक होतं हो!

गणपतीत मंडळाने माझा सपत्नीक सत्कार केला. लेखक म्हणून! अध्यक्ष म्हणाले, "यांचं पुस्तक घराघरांत पोचलंय." मला शाल-नारळ दिला, सुनंदाची ओटी भरली. माझा ऊर भरून आला.

घरी येऊन ओटी उघडली. पोपटी ब्लाउजपीस, खाली पुडकं. दोरा सुनंदाचा, गाठही तिचीच. कागदावर कुंकवाची बोटंच बोटं, प्रत्येक घरचं एकेक. आत माझं पुस्तक. पहिल्या पानावर माझं अक्षर: "सौ. देशपांडे वहिनींना, नक्की वाचा."

मी म्हणालो, "सुनंदा, एकीनेही उघडलं नाही गं."

"बरंच झालं की. उद्या हेब्बाळला बारसं आहे, आयतं झालं," म्हणत तिने पुन्हा गाठ मारली. मी खूप आरडाओरडा केला. पण दुसरं काही आणायला वेळ नव्हता.

बारशाला यजमानांनी पुडकं चाचपलं. "अरे वा, पुस्तक वाटतं. कसं आहे?"

मी म्हणालो, "काय की. आम्ही अजून उघडलं नाही."